इयन होम पाहायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हौशी रंगभूमीवर पाच-सहा वर्षं काम करणाऱ्या एका तरुणाला कायम दुय्यम भूमिकाच मिळतात. उंची कमी, चेहरा 'नायकाचा नाही', असं त्याला तोंडावर सांगितलं जातं. कुणीतरी ब्रिटिश कॅरेक्टर अ‍ॅक्टर पाहायला सांगितले आणि यादीत पहिलं नाव इयन होमचं होतं. त्यानं 'एलियन' पाहिला, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पाहिला. आता तो विचारतो: 'माणूस चांगला आहे हे कळतं, पण त्यातून शिकायचं काय ते हाती लागत नाही. कोणत्या क्रमानं पाहू आणि काय टिपून ठेवू?'

हाती लागत नाही, ही तक्रार अगदी रास्त आहे. होमचं कामच तसं आहे. त्याच्या अभिनयात टाळी घेणारी जागा शोधायला गेलात तर बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परत याल. म्हणून आधी प्रश्नच जरा सरळ करून घेऊ. 'होम कसा अभिनय करतो' हे तुम्हाला शोधायचं नाहीये. गोष्ट दुसऱ्याची असताना त्या गोष्टीत आपलं नेमकं काम काय, हे तो कसं ठरवतो, ते शोधायचं आहे.

एक शब्दाचा घोळही मिटवून टाकू. आपल्याकडे 'चरित्र अभिनेता' म्हटलं की नायिकेचे वडील, गावचे पाटील, डॉक्टर, वकील डोळ्यांपुढे येतात. म्हणजे शब्द भूमिकेच्या वयाला आणि नात्याला चिकटलेला आहे. ब्रिटनमध्ये कॅरेक्टर अ‍ॅक्टर म्हणजे स्वतःची एकच ठरीव प्रतिमा न विकता दर वेळी वेगळा माणूस उभा करणारा नट. तो मुख्य भूमिकाही करतो. होमनं हेन्री पाचवा केला, रिचर्ड तिसरा केला, शेवटी लियरही केला. तेव्हा 'दुय्यम भूमिकांचा नट' म्हणून त्याच्याकडे गेलात तर पहिल्याच पावलाला चुकाल.

कारकिर्दीचा नकाशा डोक्यात असल्याशिवाय चित्रपटांचा क्रम लागणार नाही. जन्म 12 सप्टेंबर 1931, एसेक्समधल्या गुडमेझचा. वडील मनोरुग्णालयात डॉक्टर होते आणि घर त्या आवारातच होतं. लंडनच्या राडा या नाट्यशाळेत शिक्षण, मध्येच सक्तीची लष्करी सेवा, आणि 1954 मध्ये स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर थिएटरात भाला घेऊन मागे उभं राहण्यापासून सुरुवात. तिथून 1967 पर्यंतचा बहुतेक काळ याच मंडळीत. 1961 नंतर तिला रॉयल शेक्सपिअर कंपनी म्हणू लागले. 1959 मध्ये चार्ल्स लॉटनच्या लियरसमोर त्यानं विदूषक केला होता, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. नाटककार हॅरल्ड पिंटरच्या 'द होमकमिंग'मध्ये 1965 साली लेनी केला आणि तीच भूमिका न्यूयॉर्कला नेल्यावर 1967 चं टोनी पारितोषिक मिळालं.

आणि मग 1976. 'द आइसमन कमेथ' या नाटकाच्या पूर्वप्रयोगांत त्याला रंगमंचाची धास्ती बसली. शब्द गेले, पाय जागचे हलेनात, आणि त्यानं नाटक सोडलं. नंतर साधारण पंधरा वर्षं तो रंगमंचापासून जवळजवळ लांबच राहिला. आपल्याला ठाऊक असलेला होम, म्हणजे 'एलियन', 'चॅरिअट्स ऑफ फायर', 'ब्राझील' यांतला, याच काळातला आहे. आपण ज्याला त्याची सुरुवात समजतो ती दुसरी खेळी होती. स्ट्रॅटफर्डमध्ये कमावलेला आवाज आणि शरीर घेऊन तो कॅमेऱ्यासमोर आला आणि त्यातलं नव्वद टक्के झाकून ठेवलं. झाकायला आधी काहीतरी असावं लागतं. नवखे लोक त्याची नक्कल करायला जातात आणि नुसते थंड दिसतात, त्याचं कारण हेच.

आता पाहण्याची पद्धत. प्रत्येक चित्रपट आधी एकदा सलग पाहा, प्रेक्षक म्हणून, वही न घेता. मग निवडलेला एकच प्रसंग तीनदा पाहा: एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसता ऐकत, आणि तिसऱ्यांदा दोन्ही चालू ठेवून, पण नजर फक्त होमवर. बोलणारा दुसरा कुणी असला तरी नजर हलू द्यायची नाही. वहीत तीन रकाने आखा: तो पाहतो कुठे, हात काय करतात, आणि कधी थांबतो. बाकी काही लिहू नका. 'मस्त', 'सहज', 'नैसर्गिक' असले शब्द वहीत आले तर खोडून टाका. त्यांतून उद्याच्या तालमीत काही करता येत नाही. हिंदीत डब केलेली प्रत पाहू नका. अर्धा नट त्याच्या आवाजात असतो.

पहिला चित्रपट 'एलियन'च, 1979 चा. पण आता शेवट माहीत असताना. अ‍ॅश हा होमनं केलेला, अंतराळजहाजावरचा विज्ञान अधिकारी मुळात यंत्रमानव आहे आणि कंपनीच्या छुप्या हुकुमावर चालतोय, हे पहिल्यांदा पाहताना आपल्याला फार उशिरा कळतं. नटापुढचा पेच इथेच आहे. आधीपासून 'यंत्र' दाखवलं तर रहस्य फुटतं, अजिबात नाही दाखवलं तर उलगडा खोटा वाटतो. होमनं उपाय काढला तो असा: प्रत्येक प्रसंगात अ‍ॅशचं वागणं माणसासारखं पूर्ण पटेल असं ठेवायचं, फक्त लक्ष चुकीच्या ठिकाणी द्यायचं.

हवाकुलपाचा, म्हणजे जहाजात शिरायच्या बंद दाराचा प्रसंग घ्या. बाहेर तिघं, त्यातल्या एकाच्या तोंडाला तो प्राणी चिकटलेला. आतली अधिकारी रिप्ली विलगीकरणाचा नियम सांगून दार उघडायला नकार देते. अ‍ॅश दार उघडतो. पहिल्यांदा पाहताना आपण म्हणतो, बरं केलं, सहकाऱ्याची दया आली. दुसऱ्यांदा पाहताना त्याच चेहऱ्यावर दयेचा मागमूस दिसत नाही. चेहरा तोच आहे. अर्थ आपण भरला होता. प्रेक्षकाला भरायला जागा ठेवणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

पुढचा प्रसंग प्रयोगशाळेतला. रिप्ली जाब विचारायला येते. अ‍ॅश सूक्ष्मदर्शकातून पाहत असतो. ती म्हणते, तू विलगीकरणाचा मूलभूत नियमही विसरलास. तो म्हणतो, नाही, तो विसरलो नव्हतो. तू तुझं काम कर, मला माझं करू दे, असं सांगताना शेवटी एक सभ्य, छोटासा 'यस?' लावतो. डोळे मिटून तेवढाच 'यस?' दहादा ऐका. धमकी आहे, पण सुरावट एखाद्या नम्र कारकुनाची. आपल्या तालमीत धमकी म्हटलं की आवाज खाली जातो आणि डोळे बारीक होतात. ते टाळायचं असेल तर हा प्रसंग पाठ करण्यासारखा आहे.

जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो अ‍ॅशवर नजर ठेवून फार थोड्यांनी पाहिलेला असतो. ज्याच्या तोंडाला प्राणी चिकटला होता तो केन जेवतोय आणि अ‍ॅश त्याला न्याहाळतोय. केनची छाती फाटून प्राणी बाहेर आल्यावर पार्कर हा दुसरा सहकारी सुरी घेऊन पुढे होतो, तेव्हा त्याला थांबवणारा अ‍ॅश असतो. घाबरलेल्या घोळक्यात एकाच माणसाची काळजी वेगळ्या वस्तूसाठी आहे. दिग्दर्शक रिडली स्कॉट याकडे बोट दाखवत नाही. घोळक्यात उभं राहायचं काम तुमच्या वाट्याला आलं असेल तर वहीचं एक अख्खं पान इथे खर्च करा.

दुसरा, 'चॅरिअट्स ऑफ फायर', 1981. इथे होम आहे सॅम मुसाबिनी, धावपटू हॅरल्ड अब्राहम्सचा प्रशिक्षक. पडद्यावरचा वेळ थोडा, पण ऑस्करचं नामांकन, बाफ्टा आणि कान महोत्सवातलं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक याच भूमिकेनं दिलं. दोन जागा बघा. एक, नाण्यांची: टेबलावर नाणी मांडून तो अब्राहम्सला ढांग जास्त लांब पडतेय हे समजावतो. शिकवणाऱ्या माणसाचे हात कसे असतात, ते इथे पाहा. नाणी दाखवण्यासाठी नाहीत, समजावण्यासाठी आहेत, त्यामुळे त्याची नजर नाण्यांपेक्षा पोराच्या चेहऱ्यावर जास्त. रंगमंचावर वस्तू हातात आली की आपली नजर त्या वस्तूला चिकटते आणि समोरचा नट एकटा पडतो. हा दोष तालमीत कुणी सांगत नाही.

दुसरी जागा पॅरिसच्या 1924 च्या ऑलिम्पिकची. धंदेवाईक प्रशिक्षक म्हणून मुसाबिनीला मैदानात मान नाही. तो जवळच्या खोलीत बसून आहे. शर्यत त्याला दिसतच नाही. खिडकीतून ब्रिटनचा झेंडा वर जाताना दिसतो, राष्ट्रगीत ऐकू येतं, तेव्हा त्याला कळतं. तो पलंगावर बसतो आणि मूठ मारून आपल्या गवती टोपीचा तळ फोडतो. एवढंच. प्रसंग चालतो कशामुळे? टोपीमुळे नव्हे. आधीची स्तब्धता इतकी ताणलेली आहे की टोपी फुटणं हीच तिथे एकमेव सुटका उरते. टोपीची युक्ती उचलून स्तब्धता गाळलीत तर तो नुसता चाळा होईल. क्रम पक्का धरा: आधी बातमी पोचते, मग शरीर बसतं, मग हात.

उंचीचं मन दुखत असेल तर त्याच वर्षीचा 'टाइम बँडिट्स' पाहून घ्या. नेपोलियन झालेला होम दारूच्या नशेत इतिहासातल्या बुटक्या विजेत्यांची उंची मोजत बसतो: अलेक्झांडर, क्रॉमवेल, शार्लमेन. मोजता मोजता झोपी जातो. स्वतः साडेपाच फुटांच्या आसपासचा हा नट वेगवेगळ्या निर्मितींत तीनदा नेपोलियन झाला. विनोद कशामुळे होतो ते बघा: त्याला काही विनोदी वाटत नाही. तो अत्यंत गंभीरपणे आकडे सांगतोय. टेरी गिलियमच्याच 'ब्राझील'मध्ये, 1985, तो कुर्ट्झमन नावाचा घाबरट साहेब आहे. जबाबदारी नको म्हणून हात दुखावल्याचं सोंग करून सही दुसऱ्याला करायला लावतो. आपल्या कुठल्याही कचेरीतला माणूस. हे दोन्ही चित्रपट करमणूक म्हणून पाहिलेत तरी चालेल, वही लागणार नाही.

वही पुन्हा उघडा ती 'द होमकमिंग'साठी, 1973 चा चित्रपट. दिग्दर्शक पीटर हॉल, म्हणजे मूळ नाटकाचाच. सुरुवातीलाच लेनीचा म्हातारा बाप मॅक्स कात्री कुठे आहे म्हणून विचारत राहतो आणि लेनी पेपर वाचत बसतो. उत्तर देत नाही. न बोलणं हा इथे संवाद आहे आणि तो लेनीचा आहे. हॉल तालमीत संहितेतली तीन टिंबं, 'विराम' आणि 'शांतता' यांत काटेकोर फरक करायचा. टिंबं म्हणजे शब्द सापडत नाही, विराम म्हणजे आत काहीतरी घडतंय, शांतता म्हणजे आधीचं सगळं संपून पात्र वेगळ्या ठिकाणी पोचलंय, असा ढोबळ अर्थ घ्या. आपल्याकडे तिन्ही ठिकाणी एकच 'पॉझ' घेतला जातो आणि तोही मोजून दोन सेकंद. मग तो पोकळ वाटतो.

त्यातला पाण्याच्या पेल्याचा प्रसंग सलग चार-पाच दिवस पाहा. रात्रीची वेळ, लेनी आणि त्याची अजून ओळख नसलेली वहिनी रूथ. लेनी लांबलचक, हिंसक किस्से अगदी हवापाण्याच्या गप्पांसारखे सांगतो. मग पेला मागे घ्यायचा विषय निघतो आणि रूथ एका वाक्यात त्याला निःशस्त्र करते. रूथ झालेल्या व्हिव्हियन मर्चंटच्या त्या वाक्यानंतर होमच्या चेहऱ्यावर जे होतं ते टिपायचा प्रयत्न करा. आतापर्यंत प्रसंगाचा ताबा ज्याच्याकडे होता तो माणूस ताबा गेल्याचं लपवायला बोलणं चालू ठेवतो. सहनटाला बाजी मारू देणं, आणि ती मारली गेल्याचं आपल्या अंगावर दिसू देणं, यात तुमची भूमिका लहान होत नाही.

यानंतर 'द स्वीट हिअरआफ्टर', 1997, दिग्दर्शक अ‍ॅटम इगोयान. शाळेच्या बसचा अपघात झालेल्या बर्फाळ गावात आलेला वकील मिचेल स्टीफन्स. साठी ओलांडल्यावर मिळालेली ही मुख्य भूमिका. विमानातला प्रसंग निवडा. शेजारी त्याच्या मुलीची बालमैत्रीण बसली आहे, आणि तो तिला मुलगी तान्ही असतानाचा प्रसंग सांगतो: कोळी चावलेला, घसा सुजत चाललेला, दवाखाना लांब, आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं की श्वास बंद पडलाच तर सुरीनं गळ्याला छेद द्यावा लागेल. एका हातात सुरी धरून तो बाळाला गाणं म्हणत शांत ठेवतो. छेद द्यायची वेळ येत नाही.

होम हे सांगतो ते कृती सांगावी तसं. आधी हे केलं, मग ते, सुरी अशी धरली. दुःखाचं विशेषण नाही, हुंदका नाही. आता याचा सराव असा: स्वतःला ठाऊक असलेला एखादा अपघात किंवा आजारपण तीन मिनिटांत फोनवर रेकॉर्ड करा, फक्त क्रियापदं आणि वस्तू वापरून. ऐकताना 'खूप', 'भयंकर', 'बिचारी' असे शब्द मोजा. दुसऱ्या रेकॉर्डिंगात ते शून्यावर आणा. तिसऱ्यात वेग थोडा वाढवा, कारण ज्यानं हे शंभरदा मनात उगाळलंय तो माणूस अडखळत सांगत नाही. बहुतेकांचं तिसरं रेकॉर्डिंग ऐकवत नाही इतकं जड होतं. तेच हवं आहे.

'लियर' सगळ्यांत शेवटी ठेवा. धास्तीनंतर तो 1993 मध्ये पिंटरच्याच 'मूनलाइट'मधून रंगमंचावर परतला आणि 1997 मध्ये रिचर्ड आयरच्या दिग्दर्शनात नॅशनल थिएटरच्या कॉटेस्लोमध्ये लियर केला. सुमारे 300 प्रेक्षकांचं, त्या संस्थेतलं सगळ्यांत लहान नाट्यगृह. जागेचं माप इथे महत्त्वाचं आहे. एवढ्याशा खोलीत लियर राजा म्हणून गर्जत नाही, घरातला तापट म्हातारा म्हणून भाजून काढतो. वादळात अंगावरचे सगळे कपडे उतरवतो. ऑलिव्हिए पारितोषिक याच भूमिकेचं. त्याची दूरचित्रवाणी आवृत्ती 1998 ची आहे. विदूषक ते लियर, मध्ये 38 वर्षं. विदूषकासोबतचे प्रसंग पाहताना हे ध्यानात असू द्या: ऐकणाऱ्या लियरला दुसरी बाजू पाठ आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुम्ही हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात, वर टांगलेल्या माइकच्या भरवशावर काम करत असाल, तर होमचं कॅमेऱ्यासमोरचं माप जसंच्या तसं चालणार नाही. शेवटच्या रांगेला तुमचे डोळे दिसत नाहीत. तिथे नजरेचं काम मानेनं आणि खांद्यांनी करावं लागतं. निर्णय तोच ठेवा, आकार बदला. वेबमालिकेत किंवा लघुपटात काम करत असाल तर उलट, आकार आणखी लहान करा. दिग्दर्शक तालमीत 'जरा मोठं कर' म्हणत असेल तर त्याच्याशी होमचं नाव घेऊन वाद घालू नका. 1996 चा 'बिग नाइट' बघा: त्यात होम पास्कल नावाचा हॉटेलवाला आहे, आरडाओरडा करणारा, शिव्या देणारा, गळ्यात पडणारा. गोष्टीला गोंगाट हवा होता, त्यानं गोंगाट दिला.

नक्कल करताना हटकून होणाऱ्या चुका दोन. पहिली, 'कमी करणं' म्हणजे काहीच न करणं असं समजणं. अ‍ॅश काहीच करत नाही असं दिसतं, पण प्रत्येक क्षणी त्याला काहीतरी हवं आहे. हवंपण काढून घेतलं की उरतो तो झोपाळू नट. दुसरी, तुकडे पाहणं. इंटरनेटवर पेल्याचा प्रसंग सुटा मिळेल, लियरचं वादळही मिळेल. पण दुय्यम भूमिकेचं शिल्प अख्ख्या गोष्टीत असतं: कुठे आत येतो, किती वेळ दिसत नाही, परत आल्यावर काय बदललेलं असतं. सुट्या तुकड्यात नेमकं तेच कापलं जातं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला होमचा बिल्बो तुम्ही पाहिलाच आहे, पण 2001 चा पहिला भाग परत लावा. होमनं 1981 च्या बीबीसीच्या रेडिओ मालिकेत फ्रोडोला आवाज दिला होता, म्हणजे वीस वर्षांनी तो त्याच कथेत पुतण्याचा काका होऊन आला. वाढदिवसाच्या भाषणात त्याचा एक हात सतत कुठे जातो ते बघा. अंगठी सोडतानाचा प्रसंग त्याहून चांगला: तो अंगठी फेकत नाही, खाली ठेवतही नाही. तळहात हळूहळू कलता करतो आणि अंगठी घरंगळून पडू देतो. हाताला सोडायची नाहीये आणि माणसाला सोडायची आहे, हे दोन्ही एका मनगटात. रिव्हेंडेलमध्ये त्याचा चेहरा क्षणभर भेसूर होतो, ती करामत तंत्रज्ञांची. त्यानंतर लाजेनं कोसळणारा म्हातारा मात्र पूर्णपणे होमचा आहे, आणि रिवाइंड करायचं ते तिथपासून.

वेळ किती लागेल? आठवड्याला एक प्रसंग घेतलात तर दोन-अडीच महिने. घाईनं सगळं एका सुट्टीत उरकू नका. आधीच्या प्रसंगातली एक गोष्ट तालमीत वापरून बघितल्याशिवाय पुढचा लावू नका. पहिली गोष्ट सगळ्यांत सोपी आहे: पुढच्या तालमीत तुमचं वाक्य नसलेल्या पानावर, समोरचा बोलत असताना, तुमच्या पात्राला नेमकं काय हवंय ते पेन्सिलीनं समासात एका क्रियापदात लिहा. पान कोरं राहिलं तर त्या पानावर तुम्ही रंगमंचावर नुसते उभे आहात.